घरातलं नेट जातं तरी कुठे?

अगं, आधी तो फोन खाली ठेव आणि बस बघू इथे. नेटवाला मुलगा जाता जाता म्हणाला, 'मॅडम, तुमच्याकडून ट्रॅफिक फार आहे', आणि तू रात्रभर जागी. कोणी हॅक केलं का, शेजारचं कोणी आपलं वायफाय वापरतंय का, लेक भलतंसलतं तर बघत नाही ना. खरं सांगू का, त्या वाक्यात घाबरण्यासारखं काहीही नाही. तुमच्याकडे पाच माणसं आहेत, दोन टीव्ही, दारावर कॅमेरा, तुझा ऑफिसचा लॅपटॉप आणि सासूबाईंचा कीर्तनाचा फोन. एवढ्या घरातून माहिती जाणार-येणारच, आणि भरपूर जाणार-येणार. प्रश्न फक्त एवढाच आहे की ती कोणाकडून किती जाते, हे तुला ठाऊक आहे का.

तू म्हणशील, ताई, हे इंजिनिअर लोकांचं काम. अजिबात नाही. गॅसचा सिलिंडर आपल्या घरात किती दिवस पुरतो, हे तू तारीख न बघता सांगतेस. तो आठ दिवस आधी संपला तर आधी आठवतेस, पाहुणे होते का, फराळाचं केलं होतं का. आणि यातलं काहीच नसेल तर नळी तपासतेस. त्यासाठी रसायनशास्त्र शिकावं लागलं नाही तुला. नेटचंही तसंच धर. आपल्या घराचं रोजचं मान एकदा कळलं की वेगळं काही झालं तर ते तुझ्याच नजरेत आधी येईल. एका रविवारची दुपार काढ, पुरे आहे.

आधी त्या डब्याकडे जा. राउटर म्हण, मोडेम म्हण, घराघरात त्याला डबाच म्हणतात. त्यावरचे दिवे वाच. फायबरचं कनेक्शन असेल तर 'पॉन' नावाचा एक दिवा असतो, तो स्थिर हिरवा हवा. शेजारी 'एलओएस' असतो, तो एरवी बंदच असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेतून प्रकाशच पोचत नाहीये. कुठे खोदकाम झालं असेल, तार मुडपली असेल. अशा वेळी दहादा बंद-चालू करून काही होत नाही गं, सरळ तक्रार नोंदव. दिवे नीट असूनही नेट रडत असेल तर मग घरात बघायचं. आणि हो, तो डबा टीव्हीच्या कपाटात कोंबून ठेवला असशील तर आधी बाहेर काढ. लोखंडी कपाटामागे तर मुळीच नको. लहरी पत्र्यातून जात नाहीत.

आता तो उलटा कर. खाली एक चिकटपट्टी असते, तिच्यावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असतं. तिचा फोटो काढ, पण घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, कारण त्यावर पासवर्ड असतात. असतात म्हणतेय बघ, एक नाही. वायफायला जोडण्याचा पासवर्ड वेगळा आणि डब्याच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा. निम्म्या घरांचा गोंधळ इथेच होतो. पहिला सगळ्यांना माहीत असतो, दुसरा कोणालाच नसतो, आणि म्हणून तो वर्षानुवर्षं कारखान्यात घातलेला तसाच राहतो.

त्या आतल्या खोलीत जायचं कसं? वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघड आणि अगदी वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ टाइप कर. काही डब्यांना १९२.१६८.०.१ लागतं, नेमकं काय ते त्या चिकटपट्टीवर असतं. गूगलमध्ये शोधू नकोस हं हा आकडा. तो बाहेरच्या कुठल्या साइटचा नाही, तुझ्याच डब्याचा घरातला पत्ता आहे. जगभरच्या लाखो घरांत हेच आकडे वापरतात, कारण ते १९९०च्या दशकापासून घरातल्या-ऑफिसातल्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेत आणि बाहेरच्या नेटवर चालतच नाहीत. कंपनीचं ॲप असेल तर त्यात हे सगळं आणखी सोपं दिसतं. आत गेलीस की पहिल्या दिवशी कुठेही बोट लावायचं नाही, नुसतं बघायचं. 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' असं काही सापडलं की ते उघड.

ही यादी बघून भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. तुला वाटत असतं घरात सहा-सात वस्तू जोडलेल्या आहेत आणि तिथे पंधरा ओळी दिसतात. नावंही अशी की एकाचा अर्थ लागेल तर शपथ. अँड्रॉइड आणि पुढे आकडे, नुसतं 'अननोन', आणि एखादं 'ईएसपी' आणि पुढे काहीबाही. घाबरू नकोस. 'ईएसपी' हे बहुतेक वेळा स्मार्ट बल्ब किंवा स्मार्ट प्लग असतं. त्यात एस्प्रेसिफ नावाच्या कंपनीची चिप असते, तिचंच ते नाव. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी असंच एक अनोळखी नाव बघून अख्ख्या जिन्यावर संशय घेतला होता. शेवटी निघालं त्यांचं स्वतःचं वॉशिंग मशीन. ते आणलं त्या दिवशी दुकानाच्या माणसानं वायफायला जोडून दिलेलं होतं, आणि त्यानंतर कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

प्रत्येक नावासमोर बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. पहिल्या सहा अक्षरांवरून ती वस्तू कोणत्या कंपनीची ते कळतं. 'मॅक लुकअप' करणाऱ्या साइटवर घातलं की नाव येतं. पण इथे एक गोम आहे, ती नीट लक्षात ठेव. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा क्रमांक देतच नाहीत, प्रत्येक वायफायसाठी एक बनावट क्रमांक तयार करतात. बाहेर कुठे गेलीस तर त्या क्रमांकावरून कोणी तुझा माग काढू नये म्हणून ही सोय आहे, आणि चांगली सोय आहे. पण त्यामुळे घरचाच फोन यादीत परका दिसतो. ओळखायची खूण म्हणजे क्रमांकातलं दुसरं अक्षर. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनावट क्रमांक, आणि बहुधा घरातल्याच कोणाचा तरी फोन.

ओळख पटवायची माझी पद्धत फार साधी आहे. वही घे. एकेका वस्तूचं वायफाय बंद कर, यादी पुन्हा उघड, कोण गायब झालं ते लिही. काही डबे जुनी नावं लगेच पुसत नाहीत, तेव्हा जरा थांबून पुन्हा बघ. गेल्या आठवड्यात राहून गेलेल्या भाच्याचा फोनही त्यात असू शकतो. हे काम मुलांना सोबत घेऊन कर. त्यांना मजा येते, आणि घरात काय काय बोलतंय तेही कळतं. शेवटी एखाद-दुसरं नाव उरलंच तर डब्याला तेवढं अडवायला सांग आणि वाट बघ. संध्याकाळपर्यंत घरातलं कोणीतरी ओरडतंच, 'माझं नेट का चालत नाहीये?' कोणीच ओरडलं नाही तर मग वायफायचा पासवर्ड बदल. संपला विषय.

आता किती जातंय ते बघू. सगळेच डबे वस्तूवार हिशेब दाखवत नाहीत, पण कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचा एकूण आकडा असतोच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय डेटा युसेज' शोध, कोणत्या ॲपनं किती खाल्लं ते ओळीनं दिसतं. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये 'डेटा युसेज' खाली गेल्या तीस दिवसांचा ॲपवार हिशेब मिळतो. आयफोन मात्र फक्त मोबाइल डेटाचा असा हिशेब देतो, वायफायचा देत नाही. तिथे शोधत डोकं शिणवू नकोस.

आणि आकड्यांची भीती काढून टाक. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबीपर्यंत लागतात आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत. समज, दोन्ही टीव्ही रोज चार-चार तास एचडीवर चालले. झाले दिवसाचे २४ जीबी, महिन्याचे ७२०. दारावरचा कॅमेरा सतत २ एमबीपीएसनं चित्र बाहेर पाठवत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी, म्हणजे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. दोन्ही मिळून चौदाशेच्या आत. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या घरगुती फायबर प्लॅनमध्ये 'अनलिमिटेड' म्हणून जे देतात त्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी असते. त्यापुढे वेग कमी करतात. आता सांग, तू कुठे पोचलीस त्या मर्यादेजवळ? तुझ्या प्लॅनच्या अटीत हा आकडा 'एफयूपी' म्हणून दिलेला असेल, तो एकदा वाचून वहीत टीप.

अगं, आणि ते एमबीपीएस आणि एमबीचं एकदाच समजून घे. प्लॅनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचं आकारमान बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल उतरताना सेकंदाला १२.५ एमबी दिसले की तो पूर्ण वेग झाला. कंपनीनं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नकोस.

पण बघ, जिथे खरी मेख असते तिकडे कोणी बघतच नाही. सगळे खाली उतरणाऱ्या माहितीचा हिशेब करतात, वर चढणाऱ्याचा नाही. तुझी अकराची मीटिंग अडकते, आवाज तुटतो, तुला वाटतं लेक गेम खेळतोय म्हणून. त्याला ओरडतेस. खरं सांगू का, गेम फार थोडी माहिती वापरतो. बहुतेक वेळा नुकतंच एखादं लग्न झालेलं असतं, कोणीतरी फोर-केमध्ये दोन तासांचे व्हिडिओ काढलेले असतात, आणि तो फोन घरी येऊन चार्जिंगला लागला की सगळे व्हिडिओ गपचूप क्लाउडवर चढवायला लागतो. बऱ्याच कनेक्शनांत वर चढवण्याचा वेग खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा कमी असतो. तो एकदा भरला की खाली उतरणंही मंदावतं. कारण काहीही उतरवताना तुझ्या लॅपटॉपला 'मिळालं, मिळालं' अशी पोच सतत उलट पाठवावी लागते, आणि ती पोचसुद्धा त्या व्हिडिओंच्या मागे ताटकळत राहते. म्हणून बॅकअपची वेळ रात्रीची ठेवायला सांग, किंवा मीटिंगच्या वेळी तो थांबवून ठेव. कॅमेऱ्याचंही बघ. त्यात मेमरी कार्ड असेल तर सगळं चित्र तिथेच साठवून फक्त हालचाल झाली तेव्हाच बाहेर पाठव, अशी सेटिंग बहुतेक कॅमेऱ्यांत मिळते. एवढ्यानंसुद्धा पुष्कळ घरांतली मीटिंगची रड थांबते.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न. हे सगळं जातंय कुठे, आणि कोण काय बघतंय ते दिसतं का?

काही राउटरांच्या ॲपमध्ये साइटींची नावं दिसतात. तीही विचित्रच. गूगलव्हिडिओ डॉट कॉम दिसलं तर ते यूट्यूब. एफबीसीडीएन म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची चित्रं. एनएफएलएक्सव्हिडिओ म्हणजे नेटफ्लिक्स. वन-ई-हंड्रेड डॉट नेट हे नाव तर हमखास घाबरवतं, पण ती गूगलचीच यंत्रं आहेत. एकावर शंभर शून्यं या संख्येला गूगोल म्हणतात आणि हे ती संख्या लिहायची गणिती रीत. अकामाई आणि ॲमेझॉनएडब्ल्यूएस या दुसऱ्यांच्या साइटी आपल्या यंत्रांवर सांभाळणाऱ्या कंपन्या, त्यांच्या मागे काहीही असू शकतं. रात्री दोन वाजता टीव्ही कोणाशी बोलतोय म्हणून दचकू नकोस. बंद दिसणारा टीव्ही झोपेत असतो, बंद नसतो. घड्याळ लावून घेणं, अपडेट विचारणं, असलं काही करत असतो. थोडं थोडं बोलणं चालूच राहणार.

आणि नावं दिसली तरी आतलं दिसत नाही. आता जवळपास सगळ्या साइटी कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएसवर असतात. बँकेची साइट उघडलीस एवढं डब्याला आणि नेटवाल्याला कळू शकतं, पण शिल्लक किती आणि पैसे कोणाला पाठवलेस ते नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं तर २०१६पासून पाठवणाऱ्या फोनपासून घेणाऱ्या फोनपर्यंत कुलूपबंद जातं. तेव्हा नेटवाला मुलगा तुमच्या गप्पा वाचत नाहीये, निश्चिंत राहा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ती मी तुला जरा दरडावूनच सांगणार आहे. यादीतलं एखादं नाव बघून कोणावर आळ घ्यायचा नाही. बातमीचं एक साधं पान उघडलं तरी त्यातल्या जाहिरातींमुळे पंचवीस-तीस नावं यादीत येतात. त्यातलं एकही उघडणाऱ्यानं निवडलेलं नसतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या फोनसमोर एखादं भलतं नाव दिसलं म्हणून त्याला सगळ्यांसमोर उभं करशील, तर तो पुढच्या वेळी मोबाइल डेटावर जाईल आणि तुला काहीच कळणार नाही. त्याच्याशी बोल, वेगळं बसून बोल.

२०१०मध्ये मार्शिनी चेट्टी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी काही घरांत एक पडदा बसवून पाहिला होता, 'होम वॉचर' नावाचा. घरातलं कोण किती नेट वापरतंय ते त्यावर सगळ्यांना दिसायचं. आतापर्यंत न दिसणारं असं उघड्यावर आलं की घरातल्या माणसांवर काय परिणाम होतो, हाच त्यांचा अभ्यास होता. मला तो फार मोलाचा वाटतो. कारण नेटचा प्रश्न हा वेगाचा जितका असतो तितकाच घरातल्या मानाचाही असतो. कोणाचं काम महत्त्वाचं, कोणाची करमणूक फालतू, हे कोण ठरवतं? सासूबाईंचं दिवसभरचं कीर्तन तासाला किती जीबी खातं हे कळल्यावर तू ते बंद करायला सांगणार आहेस का? नको गं. त्यांच्या फोनवर व्हिडिओची क्वालिटी एक पायरी खाली करून दे. त्या डोळे मिटून ऐकत असतात, त्यांना फरक कळणारही नाही.

आणि नवऱ्यावर पाळत ठेवायला ही यादी वापरू नकोस. तसंच त्यानंही तुझ्यावर वापरता कामा नये. हे मी मुद्दाम बोलतेय, कारण पुष्कळ घरांत 'नेटचं त्यालाच कळतं' म्हणून डब्याच्या आतल्या खोलीचा पासवर्ड एकट्या पुरुषाकडे असतो, आणि कॅमेऱ्याचं ॲपही त्याच्याच फोनवर. तू दिवसभर ज्या घरात वावरतेस त्या घराचं चित्र कोणाकोणाच्या फोनवर दिसतं, हे तुला माहीत असलंच पाहिजे. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये 'शेअर्ड युजर्स' असं असतं, ते उघडून बघ. कामाला येणाऱ्या ताईंनाही सांग की कॅमेरा कुठे आहे. दोन्ही पासवर्ड दोघांकडे असू देत, एका कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेव. यात अविश्वास कसला? गॅसचं पुस्तक जिथे असतं तिथे हेही असावं, इतकी साधी गोष्ट आहे ही.

खऱ्या काळजीच्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यांत पहिली तो कारखान्यातला पासवर्ड. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रॅमनं जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि ते केवळ ठरावीक पासवर्ड एकामागून एक घालून बघून. ॲडमिन-ॲडमिन, एक-दोन-तीन-चार असले. मग २१ ऑक्टोबरला त्यांतल्या पुष्कळ यंत्रांनी एकदम एका अमेरिकन कंपनीच्या यंत्रणेवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइटी तिकडे बराच वेळ उघडेनात. गंमत नव्हे बघ, ज्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यानं हे केलं त्यांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा चित्र दाखवतच होता. म्हणून डब्याचा आणि कॅमेऱ्याचा, दोन्हींचे पासवर्ड बदल. लांब ठेव. चार असंबद्ध मराठी शब्द जोडून इंग्रजी अक्षरांत लिहिलेस तरी उत्तम, आणि ते सासूबाईंनाही टाइप करता येतात.

दुसरी काळजी स्वस्तातल्या बिनब्रँडच्या अँड्रॉइड बॉक्सची, 'सगळे चॅनेल फुकट' म्हणून विकतात ते. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला की असले टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटोफ्रेम कधी कधी विकतानाच बिघडवलेले असतात. बॅडबॉक्स २.० असं त्या टोळीच्या जाळ्याला नाव आहे. अशी वस्तू तुझं नेट परक्यांना वापरू देते, आणि त्यांनी केलेला उद्योग तुझ्या घरातून झाला असं दिसतं. टीव्ही कोणी बघत नसतानाही असा बॉक्स भरपूर माहिती बाहेर पाठवत असेल तर सरळ काढून ठेव. तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नकोस, आणि कोणाला देऊनही टाकू नकोस.

चांगल्या कंपनीच्या टीव्हीचंही एक बघायला हवं. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवायची सोय बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते. २०१७मध्ये अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला याच कारणावरून २२ लाख डॉलर भरावे लागले. एक कोटी दहा लाख टीव्हींवरून न विचारता माहिती गोळा केल्याचा आरोप होता. तुझा टीव्ही सॅमसंगचा असेल तर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीचा असेल तर 'लाइव्ह प्लस' शोध आणि बंद कर. टीव्ही तसाच चालतो, काही कमी होत नाही.

वायफायचाही पासवर्ड बदलायचा म्हटलं की तुझ्या कपाळावर आठी येणार, कारण मग प्रत्येक वस्तू पुन्हा जोडत बसायचं. बघ, एक युक्ती सांगते. डब्यात 'गेस्ट नेटवर्क' असतं. ते चालू कर आणि त्याला तुझ्या सध्याच्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड दे. टीव्ही, कॅमेरा, बल्ब, वॉशिंग मशीन बहुधा आपापले तिकडे जोडले जातील. मुख्य वायफायला नवं नाव आणि नवा पासवर्ड, आणि तिथे फक्त फोन-लॅपटॉप. यामुळे एखादा बल्ब बिघडला तरी तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकत नाही. बल्बांना बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झच लागतं, तेवढं गेस्टमध्ये चालू ठेव. अर्थात जुना पासवर्ड अख्ख्या जिन्याला ठाऊक असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही. मग एक शनिवार घाल आणि सगळं नव्यानं जोड. त्याच बैठकीत 'डब्ल्यूपीएस' बंद कर आणि 'फर्मवेअर अपडेट' आलेलं असेल तर ते घे.

आणि एवढं करूनही शंका उरली तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७पासून. त्यांच्या साइटवर कॉम्प्युटर आणि फोन तपासायची साधनं फुकट मिळतात, त्यातलं एक पुण्याच्या क्विक हीलनं दिलेलं आहे. पण कोणी आपणहून फोन करून 'तुमच्या राउटरमध्ये व्हायरस आहे, हे ॲप टाका, मी लांबून बघतो' म्हणालं तर तिथल्या तिथे फोन ठेव. कितीही गोड बोलो, कितीही घाई करो. ओटीपी तर मुळीच द्यायचा नाही. पैसे गेलेच तर क्षणही न घालवता १९३० ला फोन कर, जितक्या लवकर करशील तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आज काही करू नकोस, आज झोप. रविवारी जेवणं उरकली की वही काढ आणि लेकाला शेजारी बसव. तो 'ईएसपी' नेमका कुठला बल्ब निघाला ते मला कळव, आणि एखादं नाव ओळखूच आलं नाही तर त्याची पहिली सहा अक्षरं लिहून ठेव. संध्याकाळी फोन कर, दोघी मिळून बघू.